बंद पेटीतली मेमरी

१

सर्व्हरच्या पेटीवरचं सील जसंच्या तसं होतं, आणि आतली मेमरी गायब होती.

हे पहिल्यांदा कळलं ते हेडफोनला. संगणक सांभाळणारा हा तिशीतला माणूस कानांवर सदैव काळे हेडफोन चढवून फिरायचा, म्हणून प्रयोगशाळेत त्याला हेच नाव पडलं होतं. आदल्या दुपारपासून रक्ताचे रिपोर्ट गोगलगायीच्या चालीनं निघत होते. सकाळी त्यानं सर्व्हरच्या खोलीत जाऊन संगणकाचा पडदा चालू केला, मेमरीचा आकडा पाहिला आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच हेडफोन काढून हातात घेतले. सोळा जीबी असायला हवी होती. पडद्यावर तीन आणि वर थोडी चिल्लर, एवढंच दिसत होतं.

"सोळातले तीन!" तो ओरडत बाहेर आला. "कुणीतरी बाकीची काढून नेली!"

पेटीच्या झाकणावर सही केलेलं कागदी सील होतं. ते चिकटवलं होतं यंत्रांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञानं. सीलचे कोरे कागद त्याच्याच खणात असायचे आणि खोलीची किल्ली त्याच्याच कमरेला. व्यवस्थापकांना एवढं पुरेसं होतं. त्यांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, "मेमरीच्या पट्ट्या कुठे विकल्यास?"

तंत्रज्ञ तडक वळला. व्हरांड्यात गेला आणि त्यानं आपल्या मोठ्या भावाच्या घरी फोन लावला. भावाला नाही, भावजयीला.

"वहिनी," तो म्हणाला, "मला चोर ठरवलंय."

"कोणी? कशाची चोरी?"

"सर्व्हरमधल्या मेमरीची."

मग वहिनींनी विचारलं, "भाऊजी, कुणी पेटी उघडून पाहिली का?"

"उघडू देत नाहीत. पोलीस येईपर्यंत हात लावायचा नाही म्हणे."

"म्हणजे पट्ट्या गेल्या हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलंच नाही?"

"नाही."

"मी आले," वहिनी म्हणाल्या.

२

वहिनींचा धंदा बुडालेला डेटा वर काढण्याचा. लोक जळलेल्या, पडलेल्या, भिजलेल्या डिस्क घेऊन त्यांच्या दुकानात रडकुंडीला येत आणि बहुतेक वेळा हसत परत जात. आख्खा बाजार त्यांना वहिनीच म्हणायचा. स्वभाव मात्र नावाइतका मवाळ नव्हता. सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर मिळालं की त्यांच्या कपाळावर एक उभी शीर उठायची, आणि त्या दिवशी ती लिफ्टपाशीच उठली. लिफ्ट बंद होती.

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना धाप लागली. व्हरांड्यातल्या बाकावर एक मध्यमवयीन बाई मांडीवर थर्मास धरून बसली होती. डोळे लाल, नजर समोरच्या भिंतीवर. शेजारी बहुधा तिचा भाऊ, फोनवर कुणाला तरी सांगत होता, "सोमवारी चौकशी आहे. तोवर इथून हलत नाही."

व्यवस्थापकांनी वहिनींना खुर्चीसुद्धा दिली नाही. "तुम्ही त्याच्या नातेवाईक. तुमचं आम्ही काय म्हणून ऐकायचं?"

"माझं ऐकू नका. पेटी उघडा आणि तुमच्या डोळ्यांचं ऐका."

"पुराव्याला हात लावता येत नाही."

"बरं, मग सर्व्हर एकदा बंद करून परत चालू तरी करा. दोन मिनिटांत मला कळेल."

"बंद? रिपोर्ट तुंबलेत, वॉर्डातून शिव्या पडतायत, आणि बंद करू?"

"तुंबलेत ते मेमरी दिसत नाही म्हणूनच ना?"

"दिसत नाही नव्हे बाई, चोरीला गेली!"

असं गोल गोल फिरणं बराच वेळ चाललं. वहिनींना वाटलं, या माणसाला भिंतीला टेकवून उभं करावं आणि त्याच्याऐवजी भिंतीशी बोलावं.

तेवढ्यात दार उघडून प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाई आत आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, झोप न झालेल्या चेहऱ्याच्या. वहिनींना त्या ओळखत होत्या. मागे एकदा त्यांच्या घरचे फोटो वहिनींनीच परत मिळवून दिले होते.

"कशाला एवढं ताणायचं?" डॉक्टरबाई थकून म्हणाल्या. "मेमरी गेली तर गेली, दुसरी आणू. पोलीस नकोत. तुम्ही फक्त हे गाडं सुरू करून द्या, वहिनी. चोरीचं राहू दे."

"मॅडम, असं कसं राहू दे?" व्यवस्थापक लाल झाले.

भाऊजी दारात उभे होते. "राहू दे म्हणजे काय?" ते पहिल्यांदाच बोलले. "म्हणजे मी चोर, पण माफ केलेला चोर? मला नको असली मेहेरबानी."

वहिनींनी दिराकडे पाहिलं, मग डॉक्टरबाईंकडे. सगळ्या इमारतीत आज प्रत्येक जण कुणावर तरी चिडलेला होता. एकट्या डॉक्टरबाई चिडलेल्या नव्हत्या. त्या घाईत होत्या.

३

सर्व्हरची खोली म्हणजे व्हरांड्याच्या टोकाचा कोंदट कोपरा. आत शिरताच गरम हवेचा भपकारा आला. वातानुकूलन यंत्र कण्हत होतं. दाराजवळ एक मोडकी खुर्ची होती, आणि तिचे पाय घासून फरशीवर पांढरे ओरखडे पडले होते.

"ही खुर्ची कशाला?" वहिनींनी विचारलं.

भाऊजी छताकडे बघू लागले.

"भाऊजी, मी चार मजले चढून आले आहे. मला आणखी दमवू नका."

"एसी बंद पडतो दुपारी," ते पुटपुटले. "मग दार उघडं ठेवतो. खुर्ची लावून. नाहीतर सर्व्हर तापून मरतो."

"आणि तुम्ही इथेच बसता?"

"मी कुठे बसणार? तीन मजले यंत्रं बघायची असतात मला."

"म्हणजे दुपारी खोली सताड उघडी. येईल त्यानं यावं."

"दार उघडं ठेवायची मनाई आहे. सांगितलं असतं तर तेवढ्यावरूनच काढलं असतं मला."

"वा! म्हणजे नियम मोडल्याचं लपवायला चोरीचा आळ डोक्यावर घेतलात." वहिनींनी कपाळाला हात लावला. घरातले सगळे पुरुष एकाच मुशीतून काढले होते. थोरल्यानंही परवा नळ गळतो हे सांगायला स्वयंपाकघरात तळं साचेपर्यंत वाट पाहिली होती.

हेडफोन पडद्यासमोर बसला होता. एक खिडकी उघडायला एवढा वेळ लागत होता की तो तोवर नखं कुरतडून घेत होता.

"ही सिस्टिम इतकी जुनी का ठेवलीय?" वहिनींनी विचारलं.

"शेजारच्या खोलीतलं रक्त तपासायचं यंत्र हिच्याशीच बोलतं. नवी टाकली की ते मुकं होतं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली." तो वैतागून म्हणाला. "मी काल रजेवर होतो. एक दिवस रजा घेतली माणसानं, तर हे! सकाळी आलो, तर आधी पासवर्डच घेईना. मला वाटलं, मीच चुकतोय. कुणाला काही न सांगता चार्जर आणायला बाहेर निघालो, तर डॉक्टर मॅडम व्हरांड्यात होत्या. त्यांनी सुचवलं म्हणून जुना पासवर्ड टाकला, तेव्हा कुठे आत गेलो."

"जुना म्हणजे?"

"मागच्या वर्षी मेमरी वाढवली तेव्हा बदलला होता मी. त्याच्या आधीचा."

वहिनी काही विचारणार, इतक्यात पडदा गोठला. हेडफोननं कळा दाबून पाहिल्या, टेबलावर थाप मारली. काही नाही. पलीकडच्या खोलीतून यंत्राची शिटी सुरू झाली आणि व्यवस्थापक धावत आले.

"आता तरी बंद करून चालू करायचं, की याच्यासाठीही पोलिसांची वाट बघायची?" वहिनींनी विचारलं.

व्यवस्थापकांनी हात झटकले. हेडफोननं कळ दाबून धरली. पंखे थांबले, मग पुन्हा घुमू लागले. पडदा काळा झाला. सिस्टिम जागी होण्याआधी पेटी स्वतःच आपली हाडं मोजून घेते, तसे पांढरे आकडे भराभर पळू लागले आणि थांबले.

वहिनींनी बोट टेकवलं. "वाचा."

व्यवस्थापकांनी चष्मा वर केला. "सोळा?"

"सोळा," वहिनी म्हणाल्या. "पट्ट्या सगळ्या आत आहेत. चोरी झालेलीच नाही."

थोड्या वेळानं सिस्टिम जागी झाली. तिनं मेमरीचा आकडा दाखवला. तीन आणि वर थोडी चिल्लर.

४

"यंत्र म्हणतं सोळा आणि सिस्टिम म्हणते तीन," व्यवस्थापक खेकसले. "कोण खोटं बोलतंय?"

"कुणीच नाही. यंत्राला जेवढी आहे तेवढी कळते, सिस्टिमला जेवढी मोजता येते तेवढी." वहिनींनी मोडकी खुर्ची ओढून घेतली. "मेमरीतल्या प्रत्येक जागेला सिस्टिम नंबर देते, घरांना देतात तसा. या जुन्या सिस्टिमच्या साध्या आवृत्तीकडचे नंबर चार जीबीला संपतात. त्यातले थोडे इतर भागांना द्यावे लागतात, म्हणून हाती उरतात तीन आणि चिल्लर. पुढची घरं उभी असतात, पण त्यांना नंबर नाही. तिथे कुणी जातच नाही. याच सिस्टिमची मोठी आवृत्तीही निघाली होती. तिला लांब नंबर वापरता येतात. तिला सोळाच काय, त्याहून जास्त दिसतात."

"पण इथे मोठीच आहे!" भाऊजी उसळले. "पट्ट्या टाकल्या तेव्हा मी आणि यानं मिळून टाकली. नुसत्या पट्ट्या घालून उपयोगच नव्हता."

"परवापर्यंत होती. आता ही बघा." वहिनींनी हेडफोनला सिस्टिमची माहिती उघडायला लावली. खिडकी यायला युगं लागली. आली तेव्हा हेडफोनच्या तोंडून शिवी निसटली. नावापुढे साध्या आवृत्तीचा शिक्का होता.

"तुमची मेमरी कुणी नेली नाही," वहिनी म्हणाल्या. "सिस्टिम बदलली कुणीतरी. मेमरी हरवणं हा नुसता परिणाम झाला. तसं होईल हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं."

"पण रिपोर्ट तर सगळे आहेत," व्यवस्थापक म्हणाले. "कालचे, परवाचे, सगळे."

"रुग्णांचे रिपोर्ट वेगळ्या डिस्कवर राहतात. सिस्टिमच्या डिस्कवर काय काय असतं?" त्या हेडफोनकडे वळल्या.

हेडफोन विचार करत बोलला. "सिस्टिम. पासवर्ड. आणि नोंदी. कोण कधी आत आलं, कुठल्या संगणकावरून आलं, त्याच्या."

"उघडा."

नोंदी उघडल्या. कालच्या दुपारनंतरच्या होत्या. त्याच्या आधी एकदम मागचं वर्ष. मधले सगळे महिने कुणी कात्रीनं कापून न्यावेत तसे नाहीसे झाले होते.

वहिनींना बाकावरच्या त्या भावाचं फोनवरचं बोलणं आठवलं. मग त्यांनी विचारलं, "सोमवारी कसली चौकशी आहे?"

भाऊजींनी सांगितलं. बाहेरच्या बाईचा नवरा बसचालक. साध्या तक्रारीसाठी दाखल झाला होता. त्याच्या रक्ताचा नमुना घेताना बिघडला, त्यामुळे पोटॅशियम भलतंच जास्त दिसलं. यंत्रानं त्यावर लाल खूण केली होती, नमुना खराब, पुन्हा तपासा म्हणून. तरी रिपोर्ट तसाच वॉर्डात गेला. तिथल्यांनी तो खरा मानून पोटॅशियम उतरवायची औषधं दिली, आणि ते इतकं उतरलं की त्याचं हृदय थांबता थांबता राहिलं. तो अजून अतिदक्षता विभागात होता.

"रिपोर्ट पास कुणी केला?"

"अक्कानं," व्यवस्थापक म्हणाले. "तिचंच नाव आहे त्यावर. दुसरी सही मॅडमची, पण पहिली तपासणी अक्काची. सोमवारी तिची नोकरी जाणार."

५

अक्का ही प्रयोगशाळेतली सगळ्यांत जुनी तपासनीस. ती तपासणी यंत्रासमोर उभी होती. बोटांना हातमोजे, आवाजाला धार.

"मी तो रिपोर्ट उघडलासुद्धा नव्हता," ती म्हणाली. "शंभरदा सांगितलं. त्या दुपारी एसी गेला, सर्व्हर थंड होईपर्यंत बंद ठेवला, परत सुरू झाला तेव्हा ढीग साचला होता. माझा संगणक अडकून बसला होता. मी इथे, या यंत्रापाशी खराब नमुने पुन्हा लावत होते. थोड्या वेळानं जाऊन बघते तर सगळा ढीग पास! माझ्या नावानं! कुणी ऐकतच नाही. नाव तुझं म्हणजे तूच."

"तुमचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे?"

अक्कानं एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "इथे सगळ्यांचे सगळ्यांना माहीत असतात. कामं कशी होणार नाहीतर? व्यवस्थापकांना माहीत आहे, मॅडमना मीच दिलाय, हेडफोनकडे तर सगळ्यांचेच आहेत."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. "रिपोर्टवर नुसतं नाव उमटतं. पण कुठल्या संगणकावरून पास झाला ते सिस्टिमच्या नोंदीत असतं. तुमच्या संगणकावरून झाला नसता, तर तुम्ही सुटला असता."

"असतं? म्हणजे आता नाही?"

"काल कुणीतरी ती डिस्कच बदलली."

अक्कानं हातमोजे ओरबाडून काढले. "काल जेवणाच्या सुट्टीत! हे यंत्र एकाएकी बोंबलायला लागलं, सर्व्हरशी संपर्क तुटला म्हणून. मी इथेच होते, दोन शिकाऊ मुलींना घेऊन. मॅडमना केबिनमध्ये फोन लावला, त्यांनी उचलला नाही. एरवी दुपारी त्या केबिन सोडत नाहीत. व्यवस्थापकांना बोलवायला गेले तर ते बाहेर, त्या पेशंटच्या नातेवाइकांच्या घोळक्यात. सगळा मजला ऐकत होता त्यांचं भांडण. परत येईपर्यंत यंत्र आपोआप गप्प झालं."

वहिनी व्हरांड्यात आल्या. भाऊजी खिडकीला टेकून उभे होते.

"भाऊजी, मागच्या वर्षी मोठी आवृत्ती टाकली, ती नव्या डिस्कवर की जुन्याच?"

"नव्या. जुनी तशीच ठेवली. बिघडलं तर असावी हाताशी म्हणून."

"कुठे ठेवली?"

भाऊजींच्या चेहऱ्यावरून रंग उतरू लागला. उत्तर तोंडात होतं आणि बाहेर येताना त्याचा अर्थ त्यांना कळत होता.

"भाऊजी!"

"दवाखान्याची डिस्क अशी-तशी टाकता येत नाही ना. मी ती डॉक्टरबाईंच्या कपाटात दिली. त्यांनी विचारलं, हिचं करायचं काय? मी सांगितलं, रिपोर्ट वेगळीकडे आहेत, ही फक्त सिस्टिमची. कधी नवी बिघडली तर समोरचा खण ओढायचा आणि ही सरकवायची. झाकण उघडायला नको, पेचकस नको. फक्त पासवर्ड जुना लागेल."

"आणि आवृत्ती साधी आहे, मेमरी तीनच दिसेल, हे सांगितलंत?"

"ते कशाला सांगू? त्यांना काय कळणार त्यातलं?"

वहिनींनी मान हलवली. दिराचा राग यावा की त्याला जवळ घ्यावं, हे त्यांना ठरवता येईना.

६

डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये वहिनी एकट्याच गेल्या. दार लावून घेतलं. डॉक्टरबाई टेबलावरचे कागद एका बाजूनं दुसऱ्या बाजूला हलवत होत्या.

"झालं सुरू?" त्यांनी विचारलं.

"नाही. होणारही नाही, जोवर खरी डिस्क परत लागत नाही."

कागद हलायचे थांबले.

"मी सांगते, तुम्ही फक्त ऐका," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चिडलेला होता आणि त्या तो लपवत नव्हत्या. "डिस्क बदलणाऱ्याला नोंदी नाहीशा करायच्या होत्या. हेडफोन काल रजेवर होता. शिवाय त्याला हे करायचं असतं, तर त्यानं त्या एका दिवसाच्या नोंदी गुपचूप पुसल्या असत्या. सगळे पासवर्ड त्याच्याकडेच आहेत. माझ्या दिराला ठाऊक होतं की जुन्या डिस्कवर मेमरी तीनच दिसणार आणि बोट त्याच्याकडेच जाणार. तो असला वेडेपणा करणार नाही. अक्काला वाचवणाऱ्या नोंदी अक्का का पुसेल? आणि ती दोन साक्षीदारांसमोर यंत्रापाशी उभी होती. व्यवस्थापक सगळ्या मजल्यादेखत भांडत होते. उरलं कोण? जिच्या कपाटात जुनी डिस्क होती. जिनं दुपारी फोन उचलला नाही."

"कपाट कुणीही उघडू शकतं."

"शकतं. पण आज सकाळी हेडफोनचा पासवर्ड चालला नाही, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. तो चार्जर आणायला निघाला होता. तुम्ही त्याला जुना टाकून बघायला सांगितलंत. मॅडम, आत जुनी डिस्क आहे हे तेव्हा तुमच्याखेरीज जगात कुणाला माहीत होतं?"

डॉक्टरबाई उठल्या. खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, पुन्हा बसल्या. बोलल्या तेव्हा आवाज कोरडा होता.

"वॉर्डातून एकामागून एक फोन. रिपोर्ट कुठे, रिपोर्ट कुठे. अक्काचा संगणक अडकलेला. मी इथून तिच्या नावानं आत गेले, सगळे निवडले आणि पास केले. मग माझ्या नावानं आले आणि पुन्हा पास केले. लाल खूण दिसली नाही, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मी एकही पान उघडलंच नव्हतं."

"आणि अक्का?"

"तिला फार तर ताकीद मिळेल असं वाटलं होतं. मग तो माणूस अतिदक्षता विभागात गेला आणि सगळं हाताबाहेर गेलं."

"माझ्या दिराला तुम्ही चोर होऊ दिलंत."

"मेमरीचं मला खरंच माहीत नव्हतं!" डॉक्टरबाई जवळजवळ ओरडल्या. "सकाळी तो सोळातले तीन म्हणून ओरडत आला, तेव्हा मी चक्रावले. मला वाटलं, आपण एक केलं आणि त्याच दिवशी दुसऱ्या कुणी खरंच चोरी केली! काय करावं सुचेना. म्हणून म्हटलं, पोलीस नकोत, राहू दे."

वहिनींना हसू आलं असतं, बाहेर बाकावर ती बाई नसती तर. "खरी डिस्क कुठे आहे?"

डॉक्टरबाईंनी खालचा खण उघडला. घडी घातलेल्या पांढऱ्या कोटाखालून एक चपटी डिस्क काढून टेबलावर ठेवली. "काल फेकणार होते. आज फेकणार होते. हात होईना."

वहिनींनी ती उचलली. "सोमवारपर्यंत थांबू नका. बाहेर बसलेत ते. मी सांगितलं तर ती तक्रार होईल. तुम्ही सांगितलंत तर निदान त्यांना खरं काय झालं ते त्याच माणसाच्या तोंडून कळेल."

"ते मला सोडणार नाहीत."

"नाहीत," वहिनी म्हणाल्या. "सोडावं असं मी म्हणतही नाही."

७

डिस्क बसवायला काहीच वेळ लागला नाही. भाऊजींनी समोरचा खण ओढला, एक काढली, दुसरी सरकवली. सिस्टिम जागी झाली. सोळा. हेडफोननं नोंदी उघडल्या, त्या दिवसावर आला आणि मान डोलावली. अक्काच्या नावापुढे डॉक्टरबाईंच्या केबिनमधला संगणक स्पष्ट लिहिलेला होता. वहिनींनी सांगण्याआधीच त्यानं त्याच्या तीन प्रती काढल्या.

व्यवस्थापक भाऊजींसमोर येऊन घसा खाकरत उभे राहिले. "गैरसमज झाला. विसरून जा."

"सकाळी सगळ्यांना बोलावून म्हणालात, तेव्हा आताही सगळ्यांना बोलवा," भाऊजी म्हणाले. "नाहीतर किल्ली ही घ्या."

व्यवस्थापकांनी किल्लीकडे पाहिलं, कण्हणाऱ्या एसीकडे पाहिलं, आणि निमूटपणे लोकांना बोलवायला गेले.

"आणि हे डबडं बदलणार कधी?" वहिनींनी पाठमोऱ्या माणसाला विचारलं. "आज मेमरी सापडली. उद्या यंत्रच बसलं म्हणजे?"

"वर लिहिलंय," ते न वळता म्हणाले. वहिनींच्या कपाळावरची शीर पुन्हा उठली. वर म्हणजे कुठे, हे त्या इमारतीत कुणालाच माहीत नसावं.

व्हरांड्यात डॉक्टरबाई बाकावर त्या बाईच्या शेजारी बसल्या होत्या. बोलणं ऐकू येत नव्हतं. भाऊ ताडकन उठला आणि हात उगारून काहीतरी ओरडला. बाईनं त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं. ती डॉक्टरबाईंकडे पाहतच नव्हती. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "पण ते वाचायला किती वेळ लागला असता?"

डॉक्टरबाई प्रत्येक वेळी ते ऐकत होत्या. त्या उठून गेल्या नाहीत.

आत रिपोर्टांचा ढीग झरझर पडद्यावर येऊ लागला होता. अक्कानं नवा पासवर्ड घातला, या वेळी हातानं कळफलक झाकून, आणि पहिला रिपोर्ट उघडला. काचेच्या खिडकीपलीकडे रांग वाढत चालली होती. कुणीतरी काचेवर नाणं वाजवलं.

"ओ बाई! आता तर चालू झालंय ना? अजून किती वेळ?"

"लागेल तेवढा," अक्का म्हणाली, आणि पडद्याजवळ सरकून पहिल्या ओळीपासून वाचू लागली.